रॅन्समवेअरपासून कार्यालयाचे नेटवर्क वाचवायचे, तर सुरुवात बॅकअपपासून करावी की दारे बंद करण्यापासून?

मध्यरेषा

नमस्कार. आमच्या कंपनीत साधारण सत्तर संगणक आणि पाच सर्व्हर आहेत, आणि ते सांभाळण्यासाठी आम्ही दोघेच जण आहोत. आमच्याच व्यवसायातील एका परिचित कंपनीवर मागील महिन्यात रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून त्या उघडण्यासाठी खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा, हल्ला झाला. त्यांचे काम बरेच दिवस पूर्णपणे बंद राहिले, आणि स्वाभाविकपणे आमच्या व्यवस्थापनाने आम्हाला विचारले की आपल्यावर अशी वेळ आली तर काय होईल. आपल्याकडे फायरवॉल आहे, सर्व संगणकांवर अँटीव्हायरस आहे आणि रोज रात्री बॅकअप घेतला जातो, असे उत्तर मी दिले खरे. परंतु ते देताना माझेच समाधान झाले नाही.

या वर्षी एकच मोठे काम हाती घेण्याची मुभा आम्हाला मिळाली आहे. हल्लेखोर आत येण्याचे मार्ग आधी बंद करावेत, असे माझे मत आहे. माझ्या सहकाऱ्याच्या मते कोणतीही भिंत कधी ना कधी फुटतेच, त्यामुळे बॅकअप आधी पक्का करावा. ज्यांनी असे प्रसंग जवळून पाहिले आहेत, त्यांनी कृपया आपला अनुभव लिहावा.

उंबरठा

मत देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारतो. बॅकअप नेमका कोठे साठवला जातो, आणि बॅकअपचे सॉफ्टवेअर कोणत्या खात्याने चालते?

मध्यरेषा

सर्व्हर खोलीतच एक नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेले साठवणुकीचे यंत्र, आहे, त्यावर बॅकअप जातो. ते नॅस डोमेनला, म्हणजे कंपनीचे सर्व संगणक आणि खाती एकत्र सांभाळणाऱ्या यंत्रणेला, जोडलेले आहे. बॅकअपचे सॉफ्टवेअर डोमेन ॲडमिनच्या खात्याने चालते, कारण सर्व सर्व्हरच्या फाइली वाचण्याचे अधिकार त्याच खात्याला आहेत.

कातळशिल्प

मध्यरेषा, तुमच्या या तीन वाक्यांतच तुमच्या सहकाऱ्याचे म्हणणे खरे ठरते. असे हल्ले झाल्यानंतर यंत्रणा पुन्हा उभी करण्याचे काम मी काही वर्षे केले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

कोणीतरी चुकीच्या ईमेलवर क्लिक करतो आणि त्याच क्षणी सर्व फाइली कुलूपबंद होतात, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते. काही वर्षांपूर्वी ते बऱ्याच अंशी खरे होते. आता क्लिक आणि कुलूप यांच्यामध्ये काही दिवस, कधी कधी काही महिने जातात, आणि सर्वाधिक नुकसान त्या मधल्या काळात होते. नेदरलँड्समधील मास्त्रिख्त विद्यापीठाने आपल्यावरील हल्ल्याची माहिती उघडपणे मांडली, त्यामुळे हा क्रम स्पष्ट समजतो. फसवे ईमेल उघडले गेले ऑक्टोबर २०१९ मध्ये. नोव्हेंबरमध्ये हल्लेखोरांनी नेटवर्कवर पूर्ण अधिकार मिळवले. फाइली कुलूपबंद झाल्या त्या २३ डिसेंबरच्या संध्याकाळी, म्हणजे सुट्ट्या लागत असताना. २६७ सर्व्हर बाधित झाले, आणि त्यांत बॅकअपचे सर्व्हरही होते. विद्यापीठाने अखेरीस ३० बिटकॉइन देऊन किल्ली मिळवली.

मधल्या काळात काय चालते, तेही सांगतो. एका संगणकावर पाय ठेवायला जागा मिळाली, की त्या संगणकाच्या मेमरीत कोणाकोणाचे पासवर्ड किंवा त्यांचे अंश शिल्लक आहेत ते पाहिले जाते. आयटी विभागातील कोणी त्या संगणकावर डोमेन ॲडमिन म्हणून कधी लॉगिन केले असेल, तर काम तेथेच संपते. नाही तर एका संगणकावरून दुसऱ्यावर सरकत जायचे, आणि ॲडमिनचे खाते हाती लागेपर्यंत थांबायचे. ते मिळाले की हल्लेखोर बॅकअप शोधतो. विंडोजच्या शॅडो कॉपी, म्हणजे विंडोजने स्वतःच ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती, पुसणे हे एका आज्ञेचे काम असते. त्यानंतर बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्याच खात्याने प्रवेश करून जुन्या प्रती काढून टाकल्या जातात, आणि नॅसवरील जागा रिकामी केली जाते. कुलूप लावण्याचा प्रोग्राम सर्वांत शेवटी, आणि बहुधा ग्रुप पॉलिसीमधूनच, म्हणजे तुम्ही सॉफ्टवेअर पसरवण्यासाठी वापरता त्याच मार्गाने, सर्व संगणकांवर धाडला जातो.

आता तुमच्या नॅसकडे पाहा. हार्डडिस्क बिघडली किंवा कोणी चुकून फाइल पुसली, तर ते तुम्हाला वाचवेल. ज्याच्या हाती डोमेन ॲडमिनचे खाते आले आहे, त्याच्यासमोर मात्र त्याचा काहीही उपयोग नाही.

शिडाची_होडी

कातळशिल्प यांनी सांगितलेला क्रम मला मान्य आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. बॅकअप कितीही पक्का असला, तरी चोरीला गेलेली माहिती तो परत आणत नाही. २०१९ च्या अखेरीस मेझ या टोळीने आधी माहितीची प्रत काढून नेणे, मग फाइली कुलूपबंद करणे आणि पैसे न दिल्यास ती माहिती जगासमोर मांडणे हा प्रकार रूढ केला, आणि त्यानंतर जवळजवळ सर्व टोळ्यांनी त्याचे अनुकरण केले. ज्या कंपनीकडे ग्राहकांची, रुग्णांची किंवा कर्मचाऱ्यांची खासगी माहिती आहे, तिच्यासाठी हल्लेखोर आत येऊच न देणे हाच एकमेव खरा बचाव आहे.

आणि हे मार्ग फार अद्भुत असतात असे नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या कंपनीची इंधनवाहिनी काही दिवस बंद राहिली. हल्लेखोर आत आले ते व्हीपीएनच्या, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या सोयीच्या, एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. ते खाते कोणी बंद केले नव्हते आणि त्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या कंपनीवरील हल्ल्याने अमेरिकेतील औषधदुकाने आणि रुग्णालये यांची देयके अडकली. तेथेही दूरवरून काम करण्याच्या एका प्रवेशद्वाराला ही पडताळणी नव्हती, हे मूळ कंपनीच्या प्रमुखांनी अमेरिकी काँग्रेससमोर सांगितले. पासवर्डखेरीज मोबाइलवरील ॲपमधून किंवा सुरक्षा-किल्लीने खातरजमा करण्याची सोय बहुतेक यंत्रणांमध्ये आधीच असते. ती केवळ सुरू करायची असते. मध्यरेषा यांना एकच काम निवडायचे असेल, तर त्यांनी बाहेरून आत येणारा प्रत्येक मार्ग शोधून त्याला ही पडताळणी लावावी.

उंबरठा

पॅचच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधील त्रुटींच्या दुरुस्तीच्या, बाबतीतही हेच म्हणावे लागेल. वॉनाक्राय या रॅन्समवेअरने १२ मे २०१७ रोजी दीडशेहून अधिक देशांत थैमान घातले. ज्या त्रुटीतून ते पसरले, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. ५९ दिवस हाती होते. ज्यांनी ती दुरुस्ती वेळेत लावली होती, त्यांच्या संगणकांत ते त्या त्रुटीतून शिरू शकले नाही.

कातळशिल्प

खरे आहे, आणि दीड महिन्याने नॉटपेट्या आले. २७ जून २०१७. ते आले युक्रेनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. म्हणजे ज्यांनी शिस्तीने अपडेट लावले, त्यांच्याच संगणकांत ते शिरले. कुंपणानेच शेत खाल्ले. आत आल्यावर ते वॉनाक्रायच्याच त्रुटीचा वापर करत होते. शिवाय संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड चोरून ते त्यांच्या आधाराने पुढच्या संगणकावर जात होते, त्यामुळे पॅच लावलेले संगणकही पडले. उंबरठा, पॅच लावू नयेत असे मी मुळीच म्हणत नाही. प्रत्येक दाराला कुलूप लावूनही एखाद्या दिवशी घरात चोर सापडू शकतो, एवढेच मला सांगायचे आहे, आणि त्या दिवशी आपल्याजवळ काय उरलेले असेल हा प्रश्न दाराच्या प्रश्नाआधी सोडवलेला बरा.

मर्स्क या जहाज कंपनीची गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्यांच्याकडे जगभर दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेनमधील खाती आणि लॉगिन तपासणारे सर्व्हर, होते आणि ते एकमेकांच्या प्रती सांभाळत. एक पडला तर बाकीचे आहेतच, असा त्यामागचा विचार. नॉटपेट्याने ते सगळे एकदमच पाडले. वाचला तो एकच, घानामधील, कारण त्या वेळी तेथे वीज गेलेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्या एका यंत्राच्या आधारावर कंपनीने सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे केले. परस्परांशी जुळवून घेणाऱ्या प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, कारण विनाशाशीही त्या तितक्याच तत्परतेने जुळवून घेतात.

पाणवठा

मी तंत्रज्ञ नाही, लेखा विभागात काम करते. आमचे फोल्डर आपोआप क्लाउडवर जातात, त्यामुळे बॅकअप आहेच असे आम्हाला सांगितले जाते. कातळशिल्प यांचे शेवटचे वाक्य वाचून धास्ती वाटली. तो बॅकअप आहे की नाही?

आणि एक प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी विचारते. एवढे सगळे करण्यापेक्षा पैसे देऊन मोकळे होणे काही कंपन्यांना व्यवहार्य वाटत असेल, तर त्यांचे चुकते का?

गोधडी

पाणवठाताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. संगणकावरील फाइल कुलूपबंद झाली, की क्लाउडवरील फाइलही कुलूपबंद होते. जुळवणी याचाच अर्थ तो. तथापि बहुतेक क्लाउड सेवा फाइलच्या जुन्या आवृत्त्या काही काळ ठेवतात, त्यामुळे मागे जाता येते. त्या किती दिवस ठेवल्या जातात आणि खात्याच्या ॲडमिनला त्या पुसता येतात का, हे आपल्या आयटी विभागाला अवश्य विचारावे. ॲडमिनला पुसता येत असतील, तर ॲडमिनचा पासवर्ड चोरणाऱ्यालाही पुसता येतील.

कातळशिल्प

दुसऱ्या प्रश्नाचा संकोच नसावा, तो प्रत्येक संचालक मंडळात विचारला जातो. कलोनियल पाइपलाइनने ७५ बिटकॉइन दिले, किल्ली मिळाली, परंतु ती इतकी संथ चालत होती की कंपनीला स्वतःच्या बॅकअपचाही आधार घ्यावा लागला. चेंज हेल्थकेअरच्या प्रकरणात २ कोटी २० लाख डॉलर दिल्यानंतर तीच माहिती दुसऱ्या टोळीच्या हाती दिसली आणि पुन्हा धमक्या सुरू झाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून लॉकबिट टोळीची यंत्रणा ताब्यात घेतली, तेव्हा ज्यांनी खंडणी भरली होती त्यांचीही माहिती तेथे तशीच पडून होती. नॉटपेट्यात तर किल्ली अस्तित्वातच नव्हती. खंडणीची मागणी हे केवळ सोंग होते. काही टोळ्यांशी व्यवहार करणे निर्बंधांमुळे बेकायदा ठरू शकते, हा मुद्दा वेगळाच.

जे पैसे देतात त्यांना मी दोष देत नाही. शेकडो माणसांचे वेतन अडकलेले असताना घेतलेला तो निर्णय असतो. परंतु पैसे दिल्याने फार तर फाइली उघडतात. हल्लेखोर ज्या वाटेने आला ती वाट बुजत नाही, आणि सर्व यंत्रणा साफ करण्याचे काम तसेच उरते. ज्यांना किल्ली विकत घ्यावीशी वाटते, त्यांनी आधी ‘नो मोअर रॅन्सम’ हे संकेतस्थळ पाहावे. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी ते जुलै २०१६ मध्ये सुरू केले, आणि ज्या प्रकारांची किल्ली सापडली आहे त्यांची साधने तेथे विनामूल्य मिळतात. नव्या प्रकारांसाठी ती मिळेलच अशी आशा मात्र ठेवू नये.

वळीव

मी आजवर कोठेही न लिहिलेला अनुभव लिहीत आहे, कारण या धाग्याला त्याचा उपयोग होईल.

आमच्या आधीच्या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा बॅकअप वाचलेला होता. दुसऱ्या इमारतीत, वेगळ्या जाळ्यावर ठेवलेली प्रत हल्लेखोरांच्या नजरेतून सुटली होती, आणि ते कळल्यावर पहिल्या दिवशी आम्ही अक्षरशः सुटकेचा श्वास सोडला. मग एकेक गोष्ट समोर येऊ लागली. बॅकअप सुरक्षित राहावा म्हणून तो सांकेतिक स्वरूपात ठेवलेला होता, आणि त्याचा पासवर्ड ज्या पासवर्डच्या तिजोरीत होता, ती तिजोरी कुलूपबंद झालेल्या सर्व्हरवर होती. एका सहकाऱ्याच्या जुन्या वहीत तो पासवर्ड सापडला नसता, तर सगळे असूनही आमच्या हाती काही लागले नसते. त्यानंतर फाइली परत आणायला घेतल्या. रोज रात्री थोडे थोडे बदल तिकडे जात असल्यामुळे दोन्ही इमारतींमधील वाहिनी किती अरुंद आहे याचा विचार कोणी केलाच नव्हता. सगळी माहिती एकदम परत आणायची वेळ आली, तेव्हा हिशेब केला, आणि तो आठवड्यांत निघाला. शेवटी आम्ही ते यंत्रच गाडीत घालून आणले.

तिसरी अडचण सर्वांत मोठी होती. परत आणायचे, पण कशावर? बाधित सर्व्हर तपासणाऱ्यांनी पुरावा म्हणून बाजूला ठेवले होते, आणि नवे यायला वेळ होता. पुढे ब्रिटिश लायब्ररीचा मार्च २०२४ मधील अहवाल वाचला, तेव्हा मला आमचीच कथा वाचत असल्यासारखे झाले. ऑक्टोबर २०२३ मधील हल्ल्यानंतर त्यांनी खंडणी दिली नाही, डिजिटल संग्रहाच्या सुरक्षित प्रतीही त्यांच्याकडे होत्या; परंतु त्या प्रती उतरवून घेण्याजोगी यंत्रणा उरली नव्हती, आणि जुनी सॉफ्टवेअर नव्या यंत्रांवर चालण्याजोगी नव्हती. त्यामुळे अनेक सेवा महिनोन्महिने बंद राहिल्या.

बॅकअप घेतला जातो का, हा प्रश्न मी आता कोणालाच विचारत नाही. शेवटचा रिस्टोअर कधी केला, किती वेळ लागला आणि तो कोणत्या यंत्रावर केला, एवढेच विचारतो.

शिडाची_होडी

वळीव, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पासवर्डच्या तिजोरीचा मुद्दा मी आजच आमच्याकडे तपासतो. माझ्या मूळ म्हणण्यावर मी कायम आहे. परंतु दोन्ही कामांचा आवाका सारखा नाही, हे मला आधी लिहायला हवे होते. दुसऱ्या टप्प्याची पडताळणी हे काही दिवसांचे काम आहे, तर बॅकअपची पुनर्रचना हे वर्षाचे काम होऊ शकते. मग त्यांत एकाचीच निवड करण्याची गरजही राहत नाही.

सुईदोरा

आमचा कारखाना आहे. यंत्रांना जोडलेले काही संगणक इतक्या जुन्या विंडोजवर चालतात की त्यांना पॅच येणे केव्हाच थांबले, आणि यंत्राचे उत्पादक नव्या विंडोजवर सॉफ्टवेअर चालवून देत नाहीत. अशांनी काय करावे?

उंबरठा

त्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवावे आणि मधल्या फायरवॉलवर सर्व बंद करून नेमकी गरजेची तेवढीच देवाणघेवाण उघडावी. त्या संगणकांवरून इंटरनेट आणि ईमेल अजिबात नको. ज्यांच्याकडे जुनी यंत्रे नाहीत त्यांनीही एक गोष्ट करावी: कर्मचाऱ्यांच्या संगणकांनी एकमेकांशी थेट बोलण्याचे कारण नसते, त्यामुळे विंडोजच्याच फायरवॉलमधून संगणक-ते-संगणक ४४५ (फाइलींच्या देवाणघेवाणीचा) आणि ३३८९ (दूरवरून संगणक वापरण्याचा) हे पोर्ट बंद करावेत. फाइली सर्व्हरवरूनच घ्याव्यात. एवढ्याने हल्लेखोराचे आडवे सरकणे बरेच अवघड होते, आणि त्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. प्रत्येक संगणकाच्या स्थानिक ॲडमिनचा पासवर्डही वेगळा हवा. विंडोजमधील लॅप्स ही सोय ते आपोआप करते.

दीपस्तंभ

सुईदोरा, नॉर्वेतील नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीचा अनुभव कारखानदारांनी अभ्यासण्यासारखा आहे. १९ मार्च २०१९ रोजी हल्ला झाल्यावर त्यांनी खंडणी देणार नाही असे जाहीर केले, रोज उघडपणे माहिती दिली, आणि जेथे शक्य होते तेथे कारखाने हाताने, कागदावरील नोंदींवर चालवले. संगणकाविना आपले कोणते काम किती दिवस चालू शकते, याचा विचार आयटी विभागाने एकट्याने करून भागत नाही. तो उत्पादनाच्या माणसांनीही करावा लागतो.

येथे अजून कोणी न मांडलेला एक विषय कर्मचाऱ्यांचा आहे. अनेक ठिकाणी खोटे फसवे ईमेल पाठवून कोण फसतो ते पाहिले जाते, आणि फसलेल्यांची नावे वरिष्ठांकडे जातात. मला हे घातक वाटते. ज्याला नाव जाहीर होण्याची भीती आहे, तो खरोखर चुकल्यावर गप्प बसेल. आमच्याकडे एका कारकून बाईंनी संलग्न फाइल उघडल्यावर पाच मिनिटांत फोन करून सांगितले, आम्ही तो संगणक तत्काळ जाळ्यातून काढला, आणि पुढे काही घडले नाही. त्या पाच मिनिटांऐवजी पाच दिवस गेले असते, तर काय झाले असते हे कातळशिल्प यांनी वर लिहिलेच आहे.

गोधडी

दीपस्तंभ, भावना समजते, परंतु असे सराव मुळातच करू नयेत हे पटत नाही. सरावाविना माणसांना ओळखण्याची सवय कशी लागणार? नावे गुप्त ठेवावीत, आणि किती जण फसले यापेक्षा किती जणांनी आपणहून कळवले हे मोजावे.

दीपस्तंभ

कळवणाऱ्यांची मोजणी करावी, हे मला पूर्ण मान्य आहे. तसे होत असेल तर माझा विरोध नाही.

पाणवठा

म्हणजे आमच्यासारख्यांनी संशय येताच फोन करावा, हे कळले. पण आपल्या डोळ्यांसमोर फाइलींची नावे बदलू लागली, तर त्या क्षणी संगणक बंद करावा का?

कातळशिल्प

आधी नेटवर्कची तार काढावी आणि वायफाय बंद करावे. संगणक चालू ठेवावा, कारण मेमरीतील पुरावा बंद केल्यावर नाहीसा होतो, आणि क्वचित प्रसंगी किल्लीचा मागही त्यातच असतो. कोणत्याही कारणाने जाळ्यातून तोडता येत नसेल, तरच बंद करावा. आणि फोन करावा, ईमेल किंवा कार्यालयाची चॅट वापरू नये; हल्लेखोर ते वाचत असू शकतो. त्यासाठी फोन क्रमांकांची यादी कागदावर हवी. आयटी विभाग, व्यवस्थापन, इंटरनेट सेवा देणारे, विमा असल्यास विमा कंपनी, तपास करणारी संस्था आणि सायबर पोलीस. ही यादी हल्ल्याच्या दिवशी करायला बसणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

मध्यरेषा यांच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो. बॅकअपची पुनर्रचना करताना तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत बाहेर, हा जुना नियम योग्यच आहे. परंतु रॅन्समवेअरसाठी त्यात आणखी एक अट घालावी. किमान एक प्रत अशी असावी, की तुमच्या कंपनीतील सर्वांत अधिकारवान खात्यालाही ती ठरलेल्या मुदतीपूर्वी पुसता येऊ नये. टेप काढून कपाटात ठेवली, की ही अट पूर्ण होते. आळीपाळीने जोडून काढलेल्या हार्डडिस्कनेही होते, फक्त ती काढायला कोणी विसरू नये. क्लाउडमध्ये ऑब्जेक्ट लॉकची, म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत प्रत पुसू न देण्याची, सोय कडक स्वरूपात लावली, तरी होते. बॅकअपचा सर्व्हर डोमेनबाहेर ठेवावा, त्याचे खाते आणि पासवर्ड अन्य कोठेही वापरू नये, आणि सर्व्हरनी बॅकअपकडे माहिती ढकलण्यापेक्षा बॅकअपने ती येऊन न्यावी, म्हणजे बाधित सर्व्हरजवळ बॅकअपची किल्लीच नसते.

प्रती किती मागच्या ठेवाव्यात, हाही विचार करा. हल्लेखोर दोन महिने आत असेल, तर महिन्यापूर्वीच्या सर्व्हरच्या प्रतीतही त्याची चोरवाट असेल. म्हणून शक्यतो विंडोज आणि सॉफ्टवेअर स्वच्छ, नवे बसवावे, आणि बॅकअपमधून केवळ माहिती आणावी. डोमेन कंट्रोलर परत आणल्यास क्रबटीजीटी या, डोमेनमधील लॉगिनची अधिकारपत्रे ज्याच्या पासवर्डवर तयार होतात त्या, खात्याचा पासवर्ड दोनदा बदलावा, अन्यथा चोरलेल्या अधिकारपत्रांवर हल्लेखोर पुन्हा आत येऊ शकतो.

मध्यरेषा

पाच आठवड्यांनी लिहीत आहे, विलंबाबद्दल क्षमस्व. या धाग्याची छापील प्रत घेऊनच मी व्यवस्थापनासमोर गेलो होतो, आणि निर्णय माझ्या मूळ मताच्या उलट झाला: वर्षाचे मोठे काम बॅकअपचे. शिडाची_होडी यांच्या सांगण्याप्रमाणे दुसऱ्या टप्प्याची पडताळणी आम्ही त्याची वाट न पाहता लावली. व्हीपीएन आणि ईमेल मिळून चार दिवस लागले. ती लावताना नोकरी सोडून गेलेल्या तीन जणांची व्हीपीएन खाती चालू असल्याचे आढळले. एक खाते बाहेरच्या सॉफ्टवेअर पुरवठादाराचे होते आणि त्याचा पासवर्ड कंपनीच्या नावावरूनच केलेला होता. ती चारही खाती बंद केली.

बॅकअपचा सर्व्हर डोमेनबाहेर काढला आहे. दोन हार्डडिस्क आठवड्याला आळीपाळीने तिजोरीत जातात, आणि त्या काढल्याची सही आम्हा दोघांपैकी एक जण वहीत करतो.

त्यानंतर वळीव यांचे प्रश्न समोर ठेवून आम्ही एका शनिवारी एक सुटा स्विच आणि दोन जुने संगणक घेऊन, मूळ जाळ्याला हात न लावता, हिशेबाचा सर्व्हर शून्यातून उभा करण्याचा प्रयत्न केला. डेटाबेस परत यायला अडीच तास लागले, आणि ते ठीकच होते. त्यापुढे मात्र अडलो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची आम्ही वापरतो ती आवृत्ती बसवण्याची फाइल आमच्याकडे कोठेच नव्हती. ती मिळवल्यावर सॉफ्टवेअर सुरू होईना, कारण ते डोमेनमधील खात्यांवरून लॉगिन करते आणि त्या सुट्या जाळ्यात डोमेनच नव्हते. म्हणजे सर्वांत आधी डोमेन कंट्रोलर आणि डीएनएस (नावावरून संगणकाचा पत्ता सांगणारी सेवा) उभे राहायला हवेत, त्यानंतर डेटाबेस, आणि मग बाकीचे. हे वाचायला अगदी उघड वाटते, तरीही आम्ही दोघे इतकी वर्षे हेच सर्व्हर सांभाळत असूनही हा क्रम कधी लिहून काढलेला नव्हता. शनिवार संपला तेव्हा हिशेब सुरू झालेला नव्हता.

पुढच्या महिन्यात हाच सराव डोमेन कंट्रोलरपासून करणार आहोत. त्याबाबत एक प्रश्न: डोमेन कंट्रोलर रिस्टोअर मोडमध्ये सुरू केल्यावर जो पासवर्ड मागितला जातो, तो डोमेन ॲडमिनचाच असतो का?

कातळशिल्प

नाही. तो सर्व्हर डोमेन कंट्रोलर केला गेला त्या दिवशी स्वतंत्रपणे ठरवलेला असतो, प्रत्येक कंट्रोलरचा निराळा असू शकतो, आणि बहुतेक ठिकाणी तो कोणालाच आठवत नाही. सरावाच्या आधीच एनटीडीएसयूटिल या साधनाने तो बदलून घ्या, आणि बदलल्यानंतरचा बॅकअप सरावाला वापरा, कारण जुन्या प्रतीत जुनाच पासवर्ड असेल.

मध्यरेषा

आमच्याकडेही तो कोणाला आठवत नाही. आज दोन्ही कंट्रोलरवर बदलला, कागदावर लिहून बंद लिफाफ्यात हार्डडिस्कजवळ तिजोरीत ठेवला, आणि आज रात्रीचा बॅकअप सरावासाठी राखून ठेवत आहे.